न्यू यॉर्क शहर शासनातील एकल वापर प्लॅस्टिक व फोमची कपात

न्यू यॉर्क शहर शासनातील एकल वापर प्लॅस्टिक व फोमची कपात ही अमेरिकेतील न्यू यॉर्क शहराच्या शासनाने इ.स. २०१० पासून टप्प्याटप्प्याने राबवलेली उपाययोजना आहे. शहराच्या सार्वजनिक शाळा, कार्यालये व अन्य सेवा यांमध्ये एकदा वापरून फेकून दिली जाणारी फोमची व प्लॅस्टिकची भांडी, चमचे, स्ट्रॉ आणि पेयांच्या बाटल्या यांचा वापर घटवणे हा तिचा उद्देश आहे. शालेय भोजनातील फोमचे ट्रे २०१५ मध्ये बंद होणे आणि महापौर बिल दि ब्लासियो यांनी २०१९ व २०२० मध्ये काढलेले दोन कार्यकारी आदेश हे तिचे प्रमुख टप्पे आहेत.

दुकाने व उपाहारगृहांवर लादलेली फोमबंदी न्यायालयीन वादामुळे २०१९ पर्यंत रखडली. शाळांतील फोम मात्र केवळ खरेदीच्या धोरणात बदल करून त्याआधीच हद्दपार झाला. स्थानिक शासन हे नियम करणारी संस्था असते, तसेच ते मोठे ग्राहकही असते, ही बाब या उदाहरणातून स्पष्ट होते.

पार्श्वभूमी

न्यू यॉर्क हे अमेरिकेतील सर्वाधिक लोकसंख्येचे शहर असून त्याची सार्वजनिक शाळाव्यवस्था देशातील सर्वांत मोठी आहे. शाळांखेरीज सार्वजनिक रुग्णालये, तुरुंग, बेघरांसाठीचे निवारे व ज्येष्ठ नागरिकांची केंद्रे येथेही शहराच्या खर्चाने अन्न दिले जाते. शहराच्या विविध यंत्रणा मिळून वर्षाला वीस कोटींहून अधिक जेवणे व अल्पोपाहार पुरवतात. साहजिकच ताटल्या, पेले व चमचे यांच्या खरेदीत शहर शासन हा एक मोठा ग्राहक आहे.

शहराच्या हद्दीतील शेवटची कचराभूमी, स्टेटन आयलंडवरील फ्रेश किल्स, २००१ मध्ये बंद झाली. तेव्हापासून शहरातील पुनर्चक्रणाबाहेरचा कचरा पैसे मोजून बाहेरच्या कचराभूमींत व दहनभट्ट्यांत पाठवला जातो. त्यामुळे एखादी फेकाऊ वस्तू वापरण्याचा खर्च ती विकत घेतल्यावर संपत नाही. तिच्या विल्हेवाटीचा भारही शहराच्याच तिजोरीवर पडतो.

अन्नाच्या वेष्टनासाठी वापरला जाणारा फोम हा प्रसरित पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचा प्रकार असून भारतात तो थर्माकोल या नावाने परिचित आहे. त्याच्या आकारमानाचा बहुतांश भाग हवेचा असतो. त्यामुळे तो हलका, स्वस्त व उष्णतारोधक असतो. परंतु याच गुणांमुळे त्याची वाहतूक व पुनर्चक्रण परवडत नाही. अन्नाचा अंश लागलेला फोम स्वच्छ करणे कठीण असते आणि तो सहज तुटून त्याचे बारीक कण गटारांतून नदी-समुद्रात पोहोचतात. फोम ज्यापासून बनतो त्या स्टायरीन या रसायनाचे वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये 'मानवात बहुधा कर्करोगकारक' असे केले. शहराच्या स्वच्छता विभागाने २०१४ या आर्थिक वर्षात सुमारे २८,५०० टन प्रसरित पॉलिस्टायरीन गोळा केले. त्यातील सुमारे ९० टक्के भाग अन्नसेवेतील पेले, ट्रे व डबे यांचा असल्याचा अंदाज होता.

शालेय भोजनातील फोमचे ट्रे

पालकांची मोहीम

शहराच्या शाळांत दररोज आठ लाखांहून अधिक फोमचे ट्रे वापरले जात. जेवणाच्या सुट्टीत काही मिनिटे वापरला गेलेला प्रत्येक ट्रे थेट कचऱ्यात जाई. या प्रथेविरुद्ध कलावंत व शिक्षिका डेबी ली कोहेन यांनी २००९ मध्ये पालकांच्या साहाय्याने मोहीम उभी केली. तिचे रूपांतर पुढे 'कॅफेटेरिया कल्चर' या संस्थेत झाले.

मोहिमेच्या पाठपुराव्यामुळे मार्च २०१० पासून शाळांत 'ट्रेविना मंगळवार' सुरू झाला. त्या दिवशी जेवण कागदी द्रोणांतून व कागदावर दिले जाई. आठवड्याच्या पाच दिवसांपैकी एक दिवस फोम बंद झाल्याने ट्रेंचा वापर सुमारे एक पंचमांशाने घटला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, फोमशिवाय एवढ्या मोठ्या प्रमाणावर जेवण वाढता येते हे शाळा प्रशासनाच्या प्रत्यक्ष अनुभवास आले.

संयुक्त खरेदी

उरलेल्या चार दिवसांचा प्रश्न किमतीमुळे अडला होता. फोमचा एक ट्रे सुमारे ४ सेंटला मिळे, तर खत होऊ शकणारी ताटली १० सेंटांहून अधिक किमतीची होती. एका ताटलीमागे केवळ ६ सेंटांचा फरक धरला तरी आठ लाख ताटल्यांवर तो दिवसाला ४८,००० डॉलर होतो. शालेय भोजनाच्या मर्यादित अंदाजपत्रकात हा खर्च बसणारा नव्हता.

यावर संयुक्त खरेदीचा मार्ग निघाला. न्यू यॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो, मायामी-डेड, डॅलस व ऑरलँडो येथील शाळाव्यवस्थांनी २०१२ मध्ये 'अर्बन स्कूल फूड अलायन्स' ही आघाडी स्थापन केली. या सहा व्यवस्था मिळून दररोज सुमारे पंचवीस लाख जेवणे पुरवत. एवढी मागणी एकत्रितपणे पुढे आल्याने पुरवठादारांना खास साचे तयार करणे परवडले आणि कप्पे असलेल्या गोल, खतयोग्य ताटलीची किंमत सुमारे ५ सेंटांपर्यंत खाली आली. या ताटल्या वृत्तपत्री कागदाच्या पुनर्चक्रित लगद्यापासून बनवल्या होत्या.

मे २०१५ मध्ये या बदलाची घोषणा झाली व सप्टेंबर २०१५ पर्यंत न्यू यॉर्कच्या शाळांतून फोमचे ट्रे हटवण्यात आले. सहाही शहरे मिळून वर्षाला सुमारे २२.५ कोटी ट्रे कचराभूमीत जाण्यापासून वाचतील, असा आघाडीचा अंदाज होता.

शहरव्यापी फोमबंदी व न्यायालयीन वाद

महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी फेब्रुवारी २०१३ मधील वार्षिक भाषणात शहरभर फोमच्या अन्नपात्रांवर बंदी घालण्याचा प्रस्ताव मांडला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शहर परिषदेने कायदा मंजूर केला. मात्र त्यात एक अट होती. फोमचे पुनर्चक्रण पर्यावरणाच्या व खर्चाच्या दृष्टीने शक्य आहे की नाही, याचा निर्णय स्वच्छता विभागाच्या आयुक्तांनी एका वर्षात घ्यायचा होता. ते शक्य नसल्यासच बंदी लागू होणार होती.

आयुक्त कॅथरीन गार्सिया यांनी जानेवारी २०१५ मध्ये फोम पुनर्चक्रणयोग्य नसल्याचा निर्णय दिला व १ जुलै २०१५ पासून बंदी लागू झाली. फोम उत्पादक डार्ट कंटेनर कॉर्पोरेशन, तसेच काही उपाहारगृहचालक व पुनर्चक्रण व्यावसायिक यांनी या निर्णयाला न्यायालयात आव्हान दिले. फोम वेगळा करण्याच्या यंत्रांचा खर्च उचलण्याची तयारी डार्टने दाखवली होती आणि इंडियानापोलिस येथील एक कंपनी तो फोम विकत घेण्यास तयार होती, याकडे वादींनी लक्ष वेधले. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने (न्यू यॉर्क राज्यात हे नाव प्रथम सुनावणीच्या न्यायालयाला आहे) सप्टेंबर २०१५ मध्ये आयुक्तांचा निर्णय मनमानी ठरवून रद्द केला. बंदी तीन महिनेही टिकली नाही.

याच महिन्यात शाळांतील फोम हटवण्याचे काम पूर्ण होत होते. न्यायालयाचा निर्णय दुकाने व उपाहारगृहांवरील सक्तीविषयी होता. शहराने स्वतःच्या शाळांसाठी कोणती ताटली घ्यावी, हा प्रश्न त्या दाव्यात नव्हता.

स्वच्छता विभागाने नव्याने अभ्यास करून मे २०१७ मध्ये पुन्हा तोच निष्कर्ष काढला. या वेळी, जून २०१८ मध्ये, न्यायालयाने तो ग्राह्य धरला. १ जानेवारी २०१९ पासून बंदी लागू झाली व पहिले सहा महिने दंडाऐवजी केवळ ताकीद देण्यात आली. वार्षिक उत्पन्न ५ लाख डॉलरपेक्षा कमी असलेल्या लहान व्यावसायिकांना व ना-नफा संस्थांना आर्थिक अडचण सिद्ध केल्यास सवलत मागता येते. पुढे न्यू यॉर्क राज्याने १ जानेवारी २०२२ पासून राज्यभर फोमच्या अन्नपात्रांवर बंदी घातली.

कार्यकारी आदेश

आदेश क्र. ४२ (२०१९)

एप्रिल २०१९ मध्ये महापौर दि ब्लासियो यांनी काढलेल्या या आदेशाने शहराच्या विभागांना अनावश्यक एकल वापर प्लॅस्टिकची अन्नपात्रे खरेदी करण्यास मनाई केली. प्लॅस्टिकच्या ताटल्या, वाट्या, पेले, काटे-चमचे, स्ट्रॉ व अन्नाचे डबे यांचा त्यात समावेश होता. त्याऐवजी पुन्हा वापरता येणाऱ्या, खतयोग्य किंवा पुनर्चक्रणयोग्य वस्तू घ्याव्यात आणि त्यासाठी प्रत्येक विभागाने आराखडा तयार करावा, असे ठरले. शहर शासन अशी किमान १,००० टन पात्रे दरवर्षी खरेदी करत असल्याचा अंदाज त्या वेळी देण्यात आला.

आदेश क्र. ५४ (२०२०)

६ फेब्रुवारी २०२० रोजी काढलेल्या आदेशाने पेयांच्या लहान प्लॅस्टिक बाटल्यांची शहराच्या पैशातून होणारी खरेदी व शहराच्या मालमत्तेवरील विक्री १ जानेवारी २०२१ पर्यंत थांबवण्याचे उद्दिष्ट ठेवले. २१ औंस (सुमारे ६२० मिलिलिटर) किंवा त्याहून कमी क्षमतेच्या बाटल्यांना तो लागू होता. कॅट्सकिल पर्वत व डेलावेअर खोऱ्यातील जलाशयांतून येणारे नळाचे पाणी शहरभर सुरक्षित व मुबलक असल्याने बाटलीबंद पाण्याची सर्वसाधारण गरज नाही, हा या आदेशाचा आधार होता.

सवलती

वैद्यकीय गरज, आपत्कालीन साठा व अपंग व्यक्तींची सोय यांसाठी सवलती ठेवण्यात आल्या. ज्यांना पेला उचलून पिणे शक्य नसते, अशा व्यक्तींसाठी वाकणारी प्लॅस्टिकची स्ट्रॉ ही आवश्यक वस्तू ठरते. कागदी स्ट्रॉ ओली होऊन मोडते व धातूच्या स्ट्रॉने इजा होण्याचा धोका असतो. सरसकट स्ट्रॉबंदीस अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या गटांनी अमेरिकेत याच कारणाने विरोध केला होता.

अंमलबजावणीतील अडचणी

खत प्रक्रियेचा अभाव: खतयोग्य ताटलीचा पूर्ण लाभ ती खत प्रकल्पात पोहोचली तरच मिळतो. शहरातील सर्व शाळांत ओल्या कचऱ्याचे स्वतंत्र संकलन सुरुवातीपासून उपलब्ध नव्हते. अनेक ठिकाणी नव्या ताटल्या जुन्या ट्रेंप्रमाणेच कचराभूमीकडे जात राहिल्या.

पर्यायी साहित्यातील रसायने: लगद्याच्या काही पात्रांना तेल व पाणी शोषले जाऊ नये म्हणून फ्लोरीनयुक्त 'पीफास' रसायने लावली जातात. ती निसर्गात दीर्घकाळ टिकून राहतात. न्यू यॉर्क राज्याने अन्नाच्या वेष्टनात अशी रसायने हेतुपुरस्सर मिसळण्यास ३१ डिसेंबर २०२२ पासून बंदी केली.

भांडी धुण्याची सोय: धुऊन पुन्हा वापरायची ताटे हा कचरा मुळातच टाळणारा पर्याय असला, तरी भांडी धुण्याची यंत्रे, जागा व मनुष्यबळ यांअभावी तो बहुतेक शाळांत सहज अमलात आणता येत नाही. एक फेकाऊ वस्तू काढून दुसरी आणणे हा अपुरा बदल असल्याची टीका यामुळे होते.

कोविड-१९ साथ: मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर जेवण बांधून नेण्याच्या स्वरूपात दिले जाऊ लागले व वेष्टनांचा वापर वाढला. त्याच वर्षी मे महिन्यात खर्चकपातीमुळे घरोघरच्या ओल्या कचऱ्याचे संकलनही स्थगित झाले.

आदेशाचे स्वरूप: कार्यकारी आदेश हा परिषदेने केलेला कायदा नसल्याने पुढील महापौर तो बदलू किंवा मागे घेऊ शकतात.

विद्यार्थ्यांचा सहभाग

ब्रुकलिनमधील रेड हूक भागातील सार्वजनिक शाळा क्र. १५ च्या पाचवीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या भोजनगृहातील कचऱ्याची मोजदाद करून प्लॅस्टिकमुक्त जेवणाचा प्रयोग केला. त्यावर 'मायक्रोप्लॅस्टिक मॅडनेस' (२०१९) हा माहितीपट तयार झाला. ट्रे गेल्यानंतरही चमच्यांची वेष्टने व अन्नाची पाकिटे यांचे प्लॅस्टिक शिल्लक असल्याचे या विद्यार्थ्यांनी दाखवून दिले. या प्रयोगाच्या धर्तीवर १६ मे २०२२ रोजी शहराच्या प्राथमिक शाळांत 'प्लॅस्टिकमुक्त जेवण दिवस' पाळण्यात आला.

इतर ठिकाणचे उपक्रम

सॅन फ्रान्सिस्को शहराने २००७ मध्ये शासकीय पैशातून बाटलीबंद पाणी घेण्यास मनाई केली व २०१४ मध्ये शहराच्या मालमत्तेवर लहान प्लॅस्टिक बाटल्यांतील पाण्याच्या विक्रीवर निर्बंध घातले. जर्मनीतील हॅम्बुर्गने २०१६ मध्ये लागू केलेल्या हरित खरेदी मार्गदर्शिकेत फेकाऊ भांडी, बाटलीबंद पाणी व कॉफीच्या कुप्या शासकीय खरेदीतून वगळल्या.

भारतात केरळ राज्याने २०१५ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत 'हरित शिष्टाचार' राबवून फेकाऊ वस्तू टाळल्या व पुढे ही पद्धत शासकीय कार्यालयांत आणली. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेद्वारे प्लॅस्टिक व थर्माकोलची ताटे, वाट्या, पेले, चमचे इत्यादी वस्तूंवर राज्यभर बंदी घातली. ती सर्वांना लागू असलेली कायदेशीर बंदी असून शासकीय खरेदीपुरती मर्यादित नाही. केंद्र शासनाने १ जुलै २०२२ पासून निवडक एकल वापर प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी लागू केली.

हे सुद्धा पहा

प्लॅस्टिक प्रदूषण
पॉलिस्टायरीन
घनकचरा व्यवस्थापन
कंपोस्ट खत
न्यू यॉर्क शहर