न्यायमूर्ति काशिनाथ त्रिंबक तेलंग

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापुराहून तुळजाभवानीच्या दर्शनास निघालेला यात्रेकरू वाटेंत एक राज्य सोडून दुसऱ्या राज्यांत शिरत असे. सोलापूर मुंबई इलाख्यांत, तर तुळजापूर निजामाच्या मुलखांतील नळदुर्ग जिल्ह्यांत. हाच जिल्हा पुढें उस्मानाबाद झाला व आतां धाराशिव या नांवानें ओळखला जातो. भाषा एक, कुलस्वामिनी एक, चालीरीति बहुतेक एक. कायदे मात्र दोन. मुंबईच्या कौन्सिलांत मंजूर होणाऱ्या कायद्याचा अंमल या सरहद्दीशीं थांबे. कायद्याची धांव कोठवर पोंचते, हा प्रश्न ज्यांच्या उभ्या आयुष्याला व्यापून राहिला, असे त्या कौन्सिलांतील एक थोर सभासद म्हणजे काशिनाथ त्रिंबक तेलंग.

तेलंगांचा जन्म ३० ऑगस्ट १८५० रोजीं मुंबईस झाला. एल्फिन्स्टन कॉलेजांतील विद्याभ्यास संपवून १८७२ सालीं ते हायकोर्टांत ॲडव्होकेट झाले. हिंदु धर्मशास्त्राचे वाद त्या काळीं कोर्टांत बहुधा इंग्रजी भाषांतरांच्या आधारानें चालत. तेलंग मूळ संस्कृत ग्रंथच उघडून दाखवीत. ही विद्वत्ता केवळ कोर्टापुरती नव्हती. मॅक्समुल्लर यांच्या प्राच्य धर्मग्रंथमालेंत त्यांचें भगवद्गीतेचें इंग्रजी भाषांतर १८८२ सालीं प्रसिद्ध झालें.

१८८४ सालीं सरकारनें त्यांस मुंबईच्या कायदे-कौन्सिलांत नेमलें. या कौन्सिलास आजच्या विधानसभेची कळा नव्हती. सभासद लोकांनीं निवडलेले नसत. पुढें आलेल्या बिलावर बोलावें, एवढाच त्यांचा अधिकार. अंदाजपत्रकावर चर्चा करण्याची व प्रश्न विचारण्याची मुभा १८९२ च्या कायद्यानें मिळाली. अशा आंखूड अधिकारांतही तेलंगांनीं काम करून दाखविलें. १८८८ च्या मुंबई म्युनिसिपल कायद्याला जें रूप आलें, त्यांत फिरोजशहा मेहता व तेलंग या दोघांचा मोठा वांटा होता. त्यापूर्वीं १८८५ सालीं मेहता व बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासह त्यांनीं बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केलें होतें, आणि त्याच वर्षीं मुंबईस भरलेल्या पहिल्या राष्ट्रीय सभेच्या उभारणींतही ते पुढें होते.

परंतु त्यांच्या मनाची खरी कसोटी निराळ्याच प्रश्नानें पाहिली. अकराव्या वर्षीं लग्न झालेल्या रखमाबाईनें पतीच्या घरीं नांदावयास जाण्याचें नाकारलें, तेव्हां पति दादाजी भिकाजी यानें १८८४ सालीं दावा लावला. रखमाबाईच्या बाजूनें उभ्या राहिलेल्या वकिलांत तेलंग होते. १८८५ सालीं पहिला निकाल तिच्यासारखा लागला. पण तो अपिलांत फिरला, आणि १८८७ सालीं ‘नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने कैद भोग’ असा हुकूम झाला. १८८८ सालीं तडजोड होऊन हें प्रकरण मिटलें. रखमाबाई पुढें विलायतेस जाऊन डॉक्टर झाली.

हा खटला चालू असतांनाच, १८८६ सालीं, ‘राजकीय सुधारणेच्या आधीं सामाजिक सुधारणा झालीच पाहिजे काय?’ या विषयावर तेलंगांनीं व्याख्यान दिलें. जेथें विरोध कमी तेथें आधीं पाऊल टाकावें, असा त्यांचा अभिप्राय. तथापि १८९१ सालीं संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारें बिल आलें, तेव्हां लोकांचा रोष पत्करून त्यांनीं त्याला पाठिंबा दिला. आणि असें असूनही घरच्या मंडळींच्या आग्रहापुढें मान तुकवून स्वतःच्या कन्येचें लग्न त्यांनीं लहानपणींच केलें. सुधारकांनीं त्यांस बोल लावला, व तो अन्यायाचा होता असें म्हणवत नाहीं.

१८८९ सालीं ते हायकोर्टाचे न्यायमूर्ति झाले. बाप आपल्या भावांशीं एकत्र राहत असतां, त्याच्या हयातींत व त्याच्या संमतीवांचून मुलाला वांटणी मागतां येते काय, असा प्रश्न पूर्णपीठापुढें आला. बहुमत मुलाच्या विरुद्ध गेलें; शास्त्रवचनांचा आधार घेऊन मुलाचा हक्क मान्य करणारे तेलंग वेगळे पडले. १८९२ सालीं मुंबई विश्वविद्यालयाचे पहिले हिंदी कुलगुरु होण्याचा मान त्यांस मिळाला. पण १ सप्टेंबर १८९३ रोजीं, अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला.

१८९१ चा तो कायदा सोलापूरच्या मुलीला लागू झाला, तुळजापूरच्या मुलीला झाला नाहीं. ती सरहद्द पुसावयास १९४८ साल उजाडावें लागलें. १९५२ सालीं त्या जिल्ह्यांतील प्रौढ स्त्रीपुरुषांनीं आपले प्रतिनिधि स्वतः निवडून हैदराबादच्या विधानसभेंत धाडले. जो अधिकार तेलंगांच्या कौन्सिलास कधींच लाभला नाहीं, तो नळदुर्गच्या शेतकऱ्यालाही मिळाला. दुसरी सरहद्द घराच्या उंबऱ्याची. ती ओलांडणें कायदा करणाऱ्यालाही किती जड जातें, हें तेलंगांच्या चरित्रांत स्पष्ट दिसतें. आणि त्यांची योग्यता मान्य करणाऱ्यानें तेंही विसरूं नये.