परक्या संस्थानातील म्हातारपण : सयाजीगंज आणि निवृत्तांच्या औषधोपचाराचा इतिहास

विश्वामित्री नदी आणि रेल्वे स्थानक यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेले सयाजीगंज हे बडोदे शहराच्या कोटाबाहेर, तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत आकाराला आलेले उपनगर होय. १८६१ मध्ये बडोद्याला रेल्वे पोहोचली, १८७९ मध्ये नदीकाठी कमाटीबाग खुली झाली, १८८१ मध्ये बडोदे कॉलेज सुरू झाले आणि रॉबर्ट चिझम या वास्तुकाराने आखलेली त्याची भव्य घुमटाची इमारत उभी राहिल्यावर स्थानकापासून नदीच्या पुलापर्यंतचा हा भाग शिक्षक, कारकून आणि अधिकारी यांच्या वावराचा बनला. त्याचे एक वैशिष्ट्य मात्र नकाशावर सहसा दिसत नाही. रेल्वेच्या जमिनीवरील दिवाणी व फौजदारी अधिकार संस्थानाने ब्रिटिश सरकारकडे सोपवलेले होते आणि उत्तरेकडे छावणी व रेसिडेन्सी, म्हणजे ब्रिटिश प्रतिनिधीचे ठाणे, होते; त्यामुळे सयाजीगंजातून थोडी पायपीट केली की माणूस एका राज्याच्या कायद्यातून दुसऱ्या राज्याच्या कायद्यात जात असे. बडोद्याची नोकरी पत्करलेला पुण्याचा, साताऱ्याचा किंवा रत्नागिरीचा माणूस बोलीभाषेत ‘परमुलुखात’ राहत होता, आणि कायद्याच्या दृष्टीनेही तो ब्रिटिश हिंदुस्थानाच्या बाहेरच होता.

अशा माणसाचे सेवेतील जीवन बडोद्याच्या इतिहासात पुष्कळ नोंदले गेले आहे; त्याच्या निवृत्तीनंतरच्या आयुष्याकडे, विशेषतः त्याच्या आजारपणाकडे, फारसे लक्ष गेलेले नाही. ही उणीव दूर होणे आवश्यक आहे, कारण मायभूमीपासून दूर राहणाऱ्या वृद्धाच्या औषधोपचाराची जी अडचण आज परदेशस्थ निवृत्तांच्या संदर्भात मांडली जाते, तिचे मूळ रूप येथे स्पष्ट दिसते. निवृत्ताच्या हाती दोन प्रकारचे हक्क असतात. पेन्शन हा व्यक्तीला चिकटलेला हक्क असल्यामुळे तो माणसाबरोबर कोठेही जाऊ शकतो. दवाखाना हा स्थळाला चिकटलेला हक्क असल्यामुळे तो माणसाबरोबर हलत नाही, पण त्या स्थळी जो असेल त्याला मिळतो. म्हातारपणी या दोहोंची गरज एकाच वेळी पडते आणि परमुलुखात नेमकी त्यांचीच सांधेजोड होत नाही.

१८७५ पूर्वीच्या गायकवाडी राज्यात आजच्या अर्थाची पेन्शन नव्हती. मराठेशाहीच्या सर्वसाधारण रीतीप्रमाणे सरदार व शिलेदार यांना वंशपरंपरागत नेमणुका असत, विद्वान व धार्मिक व्यक्तींना वर्षासन, म्हणजे दरसाल ठरावीक रक्कम, मिळे आणि लढाईत कामी आलेल्याच्या बायकामुलांसाठी ‘बालपरवेशी’ या नावाची तरतूद केली जाई. या सर्व देणग्या धन्याच्या मर्जीवर टिकत. आजारपणासाठी वेगळी रक्कम काढून ठेवण्याची कल्पना त्यांत नव्हती. वैद्य व हकीम यांचे पोषण दरबार व श्रीमंत घराणी करीत आणि त्यांच्या ओळखीचे वर्तुळ जेथवर पोहोचे तेथवर उपचार पोहोचत. ज्याचे नातलग दक्षिणेत राहिले होते अशा वृद्ध शिलेदाराला त्या वर्तुळात राहणे हाच एकमेव आधार होता.

मल्हारराव गायकवाडांना पदच्युत करून १८७५ मध्ये सयाजीरावांना गादीवर बसवण्यात आले आणि ते अल्पवयीन असेपर्यंत दिवाण टी. माधवराव यांनी कारभाराची पुनर्रचना केली. १८८१ च्या अखेरीस सयाजीरावांनी पूर्ण अधिकार हाती घेतल्यानंतर ही पुनर्रचना पुढे गेली. धन्याच्या मर्जीऐवजी नियम आले, पगार व सेवाकाल यांवर आधारलेली पेन्शन रूढ झाली, आणि त्याच काळात सरकारी दवाखान्यांचे जाळेही विणले गेले. लॉर्ड डफरिन यांच्या पत्नीच्या पुढाकाराने १८८५ मध्ये हिंदी स्त्रियांना वैद्यकीय मदत पोहोचवण्यासाठी एक निधी स्थापन झाला होता. तिच्याच नावाने बडोद्यात उभे राहिलेले काउंटेस ऑफ डफरिन रुग्णालय पुढे सर सयाजीराव जनरल रुग्णालय म्हणून ओळखले जाऊ लागले आणि आज ते ‘एस.एस.जी.’ या आद्याक्षरांनी सर्वांना परिचित आहे. सयाजीगंजाकडून नदीचा पूल ओलांडला की ते जवळच लागते. मांडवी भागातील जमनाबाई रुग्णालय खंडेराव महाराजांच्या पत्नीचे नाव धारण करते. १८९२ मध्ये आजव्याच्या तलावाचे पाणी नळाने शहरात आले, आणि वृद्धांच्या आरोग्याचा विचार करताना या पाण्याचे श्रेय औषधांच्या आधी मांडणे उचित ठरेल, कारण हगवण, पटकी आणि विषमज्वर यांसारखे दूषित पाण्याचे आजार अशक्त शरीरालाच प्रथम गाठतात.

या व्यवस्थेचे ऐतिहासिक महत्त्व तिच्या साधेपणात आहे. सरकारी दवाखाना दारात आलेल्या रोग्याची भाषा, मूळ गाव किंवा पेन्शन कोणत्या तिजोरीतून येते हे पाहून औषध देत नव्हता. त्यामुळे बडोद्यात स्थायिक झालेला मराठी निवृत्त आणि त्याच्या शेजारचा गुजराती व्यापारी हे औषधाच्या खिडकीपाशी समान होते. परक्या ठिकाणच्या वृद्धाला याहून भक्कम संरक्षण पुढच्या शंभर वर्षांत दुसऱ्या कोणत्याही योजनेने दिले, असे म्हणता येत नाही. त्याची मर्यादा तितकीच उघड होती: दीर्घ आजारात सेवाशुश्रूषा, पथ्याचे अन्न आणि रात्री उशाशी बसणारे माणूस घरानेच पुरवावे लागे, आणि ज्यांचे मुलगे मुंबईला किंवा मध्य प्रांतात नोकरीस होते त्यांच्या घरी तेच नसे.

म्हणून निवृत्तीच्या दिवशी बडोद्याच्या मराठी नोकरदारापुढे परत जावे की राहावे हा प्रश्न उभा राही, आणि त्याची दोन्ही उत्तरे नामांकित व्यक्तींच्या चरित्रांत आढळतात. ‘रियासतकार’ गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १८८९ पासून १९२५ पर्यंत बडोद्याची सेवा केली आणि निवृत्त झाल्यावर ते पुण्याजवळ, रेल्वेमार्गावरील कामशेत येथे जाऊन राहिले. तेथे त्यांचे संशोधन दीर्घकाळ चालू राहिले. उलट, इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधून १८९७ मध्ये निवृत्त झालेले बंगालचे रमेशचंद्र दत्त हे एका राज्याची पेन्शन असताना दुसऱ्या राज्याच्या सेवेत आले, १९०९ मध्ये बडोद्याचे दिवाण झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बडोद्यातच निवर्तले. जो परत जाई त्याची पेन्शन त्याच्यामागे जाऊ शके, परंतु ज्या रुग्णालयाला त्याने आयुष्यभर ओळखले ते मागे राही. जो राही त्याला रुग्णालय मिळे, परंतु भाऊबंद दूर असत. स्वतः सयाजीरावांनाही आरोग्यासाठी परदेश गाठावा लागला. १८८७ पासून त्यांनी प्रकृतीच्या कारणास्तव युरोपचे वारंवार प्रवास केले, आणि १९०० मध्ये लॉर्ड कर्झन यांनी संस्थानिकांच्या परदेशगमनावर निर्बंध घालणारे परिपत्रक काढले तेव्हा हा प्रश्न राजकीय वादाचा झाला.

या काळात विमा अस्तित्वात होता, पण तो आजारपणाचा नव्हता. १८७० च्या सुमारास स्थापन झालेली बॉम्बे म्युच्युअल, १८७४ ची ओरिएंटल आणि मराठी मुलखापुरते बोलायचे तर १९१३ मध्ये साताऱ्यात निघालेली वेस्टर्न इंडिया या कंपन्या आयुष्याचा विमा उतरवीत, म्हणजे विमेदाराच्या मृत्यूनंतर वारसांना किंवा मुदत संपल्यावर त्यालाच ठरलेली रक्कम देत. मृत्यू एकदाच येतो आणि त्याची तारीख सोडली तर त्यात वाद घालण्यासारखे थोडे असते. आजार मात्र किती वेळा येईल, किती दिवस टिकेल आणि त्याचा खर्च किती व्हावा याला सीमा नसते. शिवाय ज्याला आजाराची चाहूल लागली आहे तोच विमा घेण्यास पुढे येतो, आणि अशा लोकांचीच संख्या वाढली की हप्ते सर्वांना परवडेनासे होतात. विमाशास्त्रात या प्रवृत्तीला ‘प्रतिकूल निवड’ म्हणतात. वयाबरोबर ती तीव्र होत असल्याने निवृत्तांच्या आरोग्याचा विमा हा धंदा म्हणून दीर्घकाळ कोणी हाती घेतला नाही.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानांच्या विलीनीकरणाच्या करारांत कायम नोकरांच्या सेवाशर्ती आणि मंजूर झालेल्या पेन्शनी यांना हमी देण्याची प्रथा होती, त्यामुळे व्यक्तीला चिकटलेला हक्क राज्य बुडाल्यावरही शाबूत राहिला. स्थळाला चिकटलेला हक्क तर वाढला, कारण त्याच वर्षी बडोद्यात वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि एस.एस.जी. हे शिकवणारे रुग्णालय बनल्याने तेथे विशेषज्ञ उपलब्ध झाले. महाराजा सयाजीराव विद्यापीठही १९४९ चेच. अकरा वर्षांनी, १ मे १९६० रोजी, मुंबई राज्याचे दोन भाग झाले आणि सयाजीगंजातील मराठी निवृत्त घर न बदलता गुजरात राज्याचा रहिवासी झाला; ज्यांची सेवा मुंबई राज्यात अन्यत्र झाली होती त्यांच्या बाबतीत पेन्शन एका राज्याच्या हिशेबात आणि वास्तव्य दुसऱ्या राज्यात अशी स्थिती पुन्हा निर्माण झाली. विधवांची अवस्था अधिक बिकट होती, कारण पेन्शन नोकराच्या मृत्यूबरोबर थांबणे हाच जुना सर्वसाधारण नियम होता; केंद्र सरकारने कुटुंबनिवृत्तिवेतनाची व्यापक योजना १९६४ मध्ये आणली तेव्हा तो बदलू लागला.

स्वातंत्र्यानंतरच्या व्यवस्थेने निवृत्तांमध्ये श्रेणी पाडल्या, आणि ही तिची गंभीर उणीव मानावी लागते. केंद्र सरकारची आरोग्य योजना १९५४ मध्ये दिल्लीत सुरू झाली व पुढे निवडक शहरांत पसरली. तिच्या दवाखान्यांच्या कक्षेबाहेर राहणाऱ्या केंद्रीय पेन्शनरांना १९९७ पासून दरमहा १०० रुपये वैद्यकीय भत्ता देण्यात येऊ लागला, जो २०१७ मध्ये १००० रुपयांवर गेला. रेल्वेच्या निवृत्तांना रेल्वे रुग्णालयांचा लाभ मिळे; त्यांच्यासाठी १९९७ ची स्वतंत्र आरोग्य योजना आहे आणि बडोद्यात प्रतापनगर येथे रेल्वेचे रुग्णालय आहे. माजी सैनिकांची अंशदायी योजना २००३ मध्ये आली. खासगी शाळेतील शिक्षक, दुकानातील हिशेबनीस किंवा लहान कारखान्यातील फोरमन यांच्या वाट्याला यांतले काही आले नाही, आणि एकाच गल्लीतील दोन वृद्धांचे उपचार त्यांचा पूर्वीचा मालक कोण होता यावर ठरू लागले.

ही पोकळी भरून काढण्यासाठी सर्वसाधारण विम्याच्या चार सरकारी कंपन्यांनी १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ ही पॉलिसी आणली, जिच्यात रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत भरून मिळे. तिची रचना कमावत्या वयाच्या माणसासाठी होती: प्रवेशाला वयाची अट असे, आधीपासून असलेले आजार वगळले जात, आणि बाहेरून घेतलेल्या औषधांचा, म्हणजे मधुमेह व रक्तदाब असलेल्या वृद्धाच्या मुख्य खर्चाचा, तिच्यात समावेश नव्हता. २००० नंतर खासगी कंपन्या आल्या, २०११ पासून एका कंपनीकडून दुसरीकडे जाताना प्रतीक्षाकाळ पुन्हा मोजावा लागू नये अशी सोय झाली आणि २०२४ मध्ये नियामक प्राधिकरणाने प्रवेशाच्या वयाची मर्यादा काढून आधीच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. हप्त्याची रक्कम मात्र वयाप्रमाणे चढतच राहते, आणि पेन्शनीचा मोठा भाग तिच्यात गेला तर दार उघडे असूनही आत जाता येत नाही.

दरम्यान प्रवाहाची दिशा बदलली होती. बडोद्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातून आणि विद्यापीठातून शिकून बाहेर पडलेले डॉक्टर व इंजिनिअर, त्यांत मराठी घरांतलेही, ब्रिटन व अमेरिकेत गेले आणि तेथे निवृत्त झाले. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा जुलै १९४८ पासून वास्तव्याच्या तत्त्वावर चालते. तेथे राहणाऱ्याला ती मिळते, देश सोडून कायमचा बाहेर राहणाऱ्याचा हक्क संपतो, आणि भारतात राहणाऱ्या पेन्शनराला ब्रिटिश सरकारी पेन्शन मिळत असली तरी तिची वार्षिक वाढ मिळत नाही. अमेरिकेत १९६५ मध्ये वृद्धांसाठी स्थापन झालेली मेडिकेअर ही योजना काही अपवाद वगळता देशाबाहेरच्या उपचारांचा खर्च देत नाही. तिच्या डॉक्टरी सेवांच्या भागात वेळेत नाव न नोंदवल्यास उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता दहा टक्क्यांनी वाढतो, म्हणून बडोद्याला परतलेल्या निवृत्ताला पुढेमागे अमेरिकेत जावे लागेल या शक्यतेसाठी, जेथे तो राहत नाही तेथील विम्याचा हप्ता भरत राहावा लागतो. भारताने बेल्जियम, जर्मनी आदी देशांशी केलेले सामाजिक सुरक्षा करार मुख्यतः पेन्शनीच्या वर्गणीसंबंधी आहेत. अमेरिकेशी असा करार झालेला नाही. त्यामुळे त्याच्याकडेही पेन्शन पोहोचते आणि दवाखाना पोहोचत नाही.

भारतात या दोन हक्कांना जोडण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न २०१८ ची आयुष्मान भारत योजना हा होय. २०१२ मधील महाराष्ट्राची जीवनदायी व गुजरातची अमृतम् या योजना आपापल्या राज्याच्या रहिवाशांपुरत्या होत्या. केंद्राच्या योजनेचे कार्ड मात्र देशभरच्या नोंदणीकृत रुग्णालयांत चालते, आणि ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील वयाच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण तिच्यात मिळू लागले आहे. सेवा कोणत्या राज्यात झाली आणि घर कोणत्या राज्यात आहे हा प्रश्न तिच्यात उरत नाही. साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला तिची वाट दहा वर्षे पाहावी लागते, आणि ज्या वृद्धाला दाखल व्हावे लागत नाही पण रोज गोळ्या घ्याव्या लागतात, त्याच्या औषधांची सोय आजही एस.एस.जी.सारख्या सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांवरच अवलंबून आहे.