आयटीतील नोकरीबदल : वाढता पगार आणि न दिसणारा तोटा

माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात नोकरी बदलणे हा पगारवाढीचा जवळचा मार्ग मानला जातो. कोविडकाळात संगणकीय कामांची मागणी वाढली आणि मार्च २०२२अखेर कर्मचारी गळतीचे प्रमाण इन्फोसिसमध्ये २७.७ टक्के, तर टीसीएसमध्ये १७.४ टक्क्यांवर गेले. मागणी ओसरल्यावर मार्च २०२४पर्यंत दोन्हीकडे ते साडेबारा टक्क्यांच्या आसपास आले. तेजी सरते, बायोडेटावरील नोंदी मात्र कायम राहतात.

कारकिर्दीच्या प्रारंभी एक-दोन बदल उपकारक ठरतात. नवे तंत्रज्ञान हाताळता येते, कामाच्या निराळ्या पद्धती कळतात. परंतु सॉफ्टवेअरची खरी परीक्षा ते ग्राहकाच्या हाती गेल्यानंतर सुरू होते. वर्षभरात बाहेर पडणाऱ्यास स्वतःच्या निर्णयांचे परिणाम क्वचितच पाहायला मिळतात. टीम लीड वा आर्किटेक्टच्या पदासाठी नेमका हाच अनुभव लागतो. त्यामुळे दहा वर्षांच्या अनुभवाऐवजी एकाच वर्षाचा अनुभव दहादा घेतल्यासारखी स्थिती होऊ शकते.

आर्थिक बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. कायम कर्मचाऱ्यास ग्रॅच्युइटीसाठी एकाच संस्थेत सलग पाच वर्षांची सेवा आवश्यक असते. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, महिन्याचे २६ दिवस धरून, दिले जाते. ग्रॅच्युइटीसाठीचे मासिक वेतन ५२ हजार रुपये असल्यास पाच वर्षांचे दीड लाख रुपये होतात. तीन वर्षांनी राजीनामा देणाऱ्यास ही रक्कम मिळत नाही.

भविष्यनिर्वाह निधीचे तसे नाही. २०१४मध्ये सुरू झालेल्या यूएएन क्रमांकामुळे जुने खाते नव्या नोकरीशी जोडता येते. निधी हस्तांतरित केल्यास आधीची सेवाही गणली जाते. मात्र एकूण पाच वर्षांच्या आत पैसे काढल्यास सामान्यतः त्यावर प्राप्तिकर लागू होतो. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते, म्हणून जुनी नोंद तुटू न देणे हिताचे.

कंत्राट संपल्याने किंवा कर्मचारीकपातीमुळे झालेला बदल मुलाखतीत समजावून सांगता येतो. केवळ पगारासाठी वारंवार केलेला बदल पटवून देणे कठीण जाते. राजीनाम्यापूर्वी नोटीस कालावधी, कार्यमुक्तीपत्र आणि अनुभवपत्र यांची तजवीज करावी. नव्या पदावर जबाबदारी वाढणार आहे की केवळ आकडा, याचे उत्तर मिळाल्यावरच पाऊल उचलणे श्रेयस्कर.