शंभर पणांत शंभर पक्षी

सावनेरच्या बाजारात सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, भाव ‘दहाला तीन जुड्या’ असा सांगतात. तिन्ही घेतल्या तर व्यवहार सरळ, एकच मागितली की सुट्ट्याचं त्रांगडं. शिष्यवृत्ती परीक्षेतल्या ‘इतक्या वह्या, इतके पेन, मिळून शंभर रुपये’ या गणितांचं मूळ मला या जुडीतच दिसतं.

गणिती महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’ नवव्या शतकातला, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळचा. हे घराणं आपल्या विदर्भाला परकं नाही. वर्धा जिल्ह्यातल्या देवळीला सापडलेल्या कृष्ण तिसऱ्याच्या 940 च्या ताम्रपटात ‘नागपुर-नंदिवर्धन’ प्रांताचं नाव आहे. या ग्रंथात महावीराचार्य विचारतात: 3 पणांना (पण म्हणजे जुनं नाणं) 5 पारवे, 5 ला 7 सारस, 7 ला 9 हंस, 9 ला 3 मोर. राजपुत्राच्या करमणुकीसाठी 100 पणांत 100 पक्षी आणा.

चीनमध्ये पाचव्या शतकातच झांग चिऊज्यान यांनी शंभर नाण्यांत शंभर कोंबड्या मागितल्या होत्या: कोंबडा 5 ला, कोंबडी 3 ला, पिल्लं 1 ला 3. त्यामुळे आपलं गणित तिकडून आलं असं म्हणणारे आहेत. शंभराला शंभर, तेही पक्षीच! एवढा योगायोग मलाही पटत नाही. चौकट प्रवास करून आली असेल.

पण आतली मांडणी पाहा. पारवे, सारस, हंस यांच्या प्रत्येक जुडीत पक्षी पणांहून 2 जास्त, मोरांच्या जुडीत 6 कमी. म्हणजे मोरांच्या एका जुडीमागे बाकीच्या बरोबर तीन जुड्या हव्यात, तरच शंभराला शंभर जुळतात. एक उत्तर असं: 5 पारवे, 56 सारस, 27 हंस, 12 मोर. त्यांना लागणारे पण अनुक्रमे 3, 40, 21, 36. जुडी न फोडता चारही जातींचे पक्षी घ्यायचे तर अशी सहा उत्तरं निघतात. चिनी गणितात फक्त पिल्लंच तिनाच्या हिशेबानं मिळतात. इथे चारही भाव जुडीचे आणि एकमेकांना तोलणारे. ही रचना नकलेतून येत नाही. जुडीनं विकणाऱ्या बाजारातच ती सुचते, असं माझं ठाम मत आहे.

बख्शाली या जुन्या गणिती हस्तलिखितातल्या अशाच गणितात पक्षी नाहीत: 20 माणसांना 20 नाणी, पुरुषाला 3, स्त्रीला दीड, मुलाला अर्धं. उत्तर 2, 5 आणि 13. त्याचा काळ वादात आहे, म्हणून त्यावर मी भार टाकत नाही. इजिप्तच्या अबू कामिलनं अशाच एका पक्षी-गणिताची 2676 उत्तरं मोजली. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणितात’ हेच चार पक्षी पुन्हा घेतले, भावही तेच ठेवले.