धरणगाव ते येनान : परदेशस्थ तरुणाच्या दैनंदिनाचा एक ऐतिहासिक विचार

१

मराठी प्रवासवर्णनाची चर्चा बहुधा 'पाहणाऱ्या' माणसाभोवती फिरत आली आहे. तो निघतो, पाहतो, विस्मित होतो आणि परततो. त्याच्या परतण्यातच त्याच्या निवेदनाचा अधिकार असतो. परक्या भूमीत जाऊन 'राहणाऱ्या' माणसाचा विचार मात्र आपल्या समीक्षेने स्वतंत्रपणे फारसा केलेला नाही. प्रवासी आणि रहिवासी यांच्यातील भेद केवळ मुक्कामाच्या लांबीचा नाही. प्रवाशाला दृश्य पुरते. रहिवाशाला पाणी, भाकरी, आजारपण, शेजारी आणि बोली यांच्याशी व्यवहार करावा लागतो. त्याचे बाहेर पडणेही प्रेक्षणीय स्थळाच्या दिशेने नसते; ज्या भूगोलात त्याला दुसऱ्या दिवशीही राहायचे आहे, त्याच्याशी ओळख वाढवण्याची ती कृती असते. परदेशस्थ तरुणाचे दैनंदिन आणि त्याची भटकंती या दोन गोष्टी म्हणूनच इतिहासाच्या दृष्टीने किरकोळ नाहीत. यजमान समाजाशी त्याचा सत्तासंबंध कोणता होता, हे त्याच्या जाहीर भूमिकेपेक्षा त्यांतून अधिक स्पष्टपणे कळते.

या विचाराला खानदेशाची पार्श्वभूमी लाभते, ती योगायोगाने नव्हे. सातव्या शतकात ह्युएन त्संग या चिनी भिक्षूने महाराष्ट्र पाहिला. त्याने ज्या पर्वतातील विहारांचे वर्णन केले ते अजिंठ्याचे असावेत, असे अभ्यासक मानतात. अजिंठ्याची ही रांग म्हणजेच खानदेशाची दक्षिण सीमा. त्यानंतर बाराशे वर्षांनी याच प्रदेशात एक इंग्रज तरुण दहा वर्षे राहिला. आणि आणखी एका शतकानंतर महाराष्ट्रातला एक तरुण चीनमध्ये राहावयास गेला. या दोन वास्तव्यांची तुलना येथे अभिप्रेत आहे. दोघांच्या योग्यतेची तुलना करणे हा तिचा हेतू नाही. 'परका' ही भूमिका कोणत्या परिस्थितीत काय करते, याचा शोध घेणे हा आहे.

२

१८१८ मध्ये पेशवाईबरोबर खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. सातपुडा, सातमाळा आणि अजिंठ्याच्या डोंगरांतील भिल्लांनी ही नवी सत्ता मानली नाही. लष्करी मोहिमा, फाशी, बक्षिसे हे उपाय काही वर्षे चालले व अपुरे ठरले. तेव्हा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत समेटाचे धोरण आखले गेले आणि १८२५ मध्ये भिल्ल पलटणीची उभारणी सुरू झाली. तिचे ठाणे धरणगावला होते, आणि हे काम जेम्स औट्रम या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याकडे सोपविण्यात आले. १८०३ मध्ये जन्मलेला हा तरुण सोळाव्या वर्षी हिंदुस्थानात आला होता. १८३५ पर्यंत तो खानदेशात राहिला. म्हणजे माणसाच्या घडणीचा काळ त्याने तापीच्या खोऱ्यात घालवला.

औट्रमच्या दैनंदिनात शिकारीला जे स्थान आहे, ते करमणुकीचे नव्हे. प्रथम त्याने थोड्या शिपायांनिशी डोंगरातील वस्त्यांवर छापा घातला. मग पकडलेल्या माणसांच्या मार्फत त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांशी संधान बांधले. पुढचे काम शिकारीने केले. भिल्लांच्या सोबतीने पायी रान तुडवणे, वाघाला सामोरे जाणे, रात्री त्यांच्यातच विसावणे, यांतून त्याच्याविषयी धाक आणि विश्वास एकाच वेळी निर्माण झाला. दहा वर्षांत त्याच्या व त्याच्या सोबत्यांच्या हातून १९१ वाघ मारले गेल्याची नोंद त्याच्या चरित्रपर साहित्यात आढळते. या आकड्याकडे केवळ पराक्रमाचा हिशेब म्हणून पाहता येत नाही. जो परका तरुण वाघामागे रानात शिरतो, तो त्या रानाच्या वाटा, पाणवठे, चोरखिंडी आणि वस्त्याही शिकत असतो. भटकंती हे येथे भूगोलाचे हस्तांतरण आहे. ज्यांच्या मदतीने ती होते त्यांच्याच मुलखाचे ज्ञान तिच्यातून प्रशासनाच्या हाती जाते.

याचा पडताळा पुढील वर्षांत येतो. १८३० मध्ये औट्रमने डांगच्या जंगलात मोहीम नेली आणि ती यशस्वी केली. १८३१ मध्ये यावल आणि सावदा भागातील दरोड्यांच्या चौकशीत मोठ्या प्रमाणावर अटका झाल्या. या कामी भिल्ल पलटणच वापरली गेली. मैत्री खोटी होती, असे यावरून म्हणणे सोपे आहे. परंतु ते अपुरे आहे. औट्रमचा भिल्लांविषयीचा जिव्हाळा खोटा मानण्याचे कारण नाही. प्रश्न जिव्हाळ्याच्या खरेपणाचा नसून त्याच्या दिशेचा आहे. खऱ्या जिव्हाळ्यालाही संस्थेचे रूप येते, आणि ती संस्था ज्याची असते त्याच्या हिताला तो जिव्हाळा जुंपला जातो.

आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. औट्रमच्या या दहा वर्षांविषयी चरित्र आहे, पत्रव्यवहार आहे, १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या खानदेशच्या गॅझेटिअरमधील मजकूर आहे. त्याच्याबरोबर रान तुडवणाऱ्या भिल्लाचे मात्र एकही लिखित निवेदन नाही. धरणगावच्या ठाण्यातील सकाळ कशी उजाडत असे, कवायतीचे हुकूम त्याच्या कानाला कसे वाटत, या साहेबाला तो आपल्या बोलीत काय म्हणत असे, याची नोंद कोणी केली नाही. परक्याच्या दैनंदिनाचा दस्तऐवज उपलब्ध आहे, यजमानाच्या दैनंदिनाचा नाही.

३

ज्या यावल-सावदा भागात १८३१ मध्ये अटका झाल्या, त्याच परिसरातील फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. त्याच्या ग्रामीण रूपाची, नंदलाल बोसांच्या सजावटीची आणि धनाजी नाना चौधरींसारख्या स्थानिक कार्यकर्त्यांच्या परिश्रमांची आठवण खानदेशात आजही काढली जाते. परंतु या अधिवेशनाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंनी हिंदी स्वातंत्र्याचा प्रश्न जगातील फॅसिझमविरोधी लढ्याच्या संदर्भात मांडला. नुकतेच तुरुंगातून सुटलेले मानवेंद्रनाथ रॉय तेथे उपस्थित होते. १९२७ मध्ये कॉमिंटर्नचे प्रतिनिधी म्हणून ते चीनमध्ये राहून आलेले होते. केळी-कापसाच्या शिवारात उभारलेल्या मांडवात त्या वेळी परदेश हा शब्द नव्या अर्थाने उच्चारला जात होता. तोपर्यंत परदेश म्हणजे राज्यकर्त्यांचा देश. आता आपल्यासारख्याच दुसऱ्या पीडितांचा देश, हा अर्थ त्याला येऊ लागला. स्वयंसेवक म्हणून त्या अधिवेशनासाठी राबलेल्या साने गुरुजींनी १९३८ मध्ये अमळनेरहून 'काँग्रेस' साप्ताहिक सुरू केले. चीनला वैद्यकीय मदत पाठविण्याची काँग्रेसची मोहीम त्याच वर्षातली आहे.

जपानने १९३७ मध्ये चीनवर आक्रमण केले, चू तेह यांनी नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली, आणि सुभाषचंद्र बोस अध्यक्ष असताना पाच डॉक्टरांचे पथक निघाले. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी असे हे पाच जण. त्यांपैकी चोळकर नागपूरचे, तर द्वारकानाथ शांताराम कोटणीस सोलापूरचे. १ सप्टेंबर १९३८ रोजी ते मुंबईहून बोटीने निघाले तेव्हा कोटणीसांना अठ्ठाविसावे वर्ष पुरे व्हायचे होते.

४

कोटणीसांच्या चीनमधील वास्तव्याचा आराखडा सर्वश्रुत आहे. कँटन, हँकौ, इचांग, चुंगकिंग असा प्रवास. चुंगकिंग मुक्कामी आलेली वडिलांच्या मृत्यूची वार्ता आणि तरीही न परतण्याचा निर्णय. फेब्रुवारी १९३९ मध्ये येनान. त्या वर्षाच्या अखेरीस आघाडीच्या दिशेने प्रस्थान. १९४१ पासून बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद. नोव्हेंबर १९४१ मध्ये परिचर्येची अध्यापिका कुओ छिंग-लान हिच्याशी विवाह. ऑगस्ट १९४२ मध्ये पुत्रजन्म. आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी बत्तिसाव्या वर्षी मृत्यू. ही यादी चरित्राची आहे; दैनंदिनाची नाही. दैनंदिन तिच्या फटींत शोधावे लागते.

येनानमधली घरे म्हणजे पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेल्या गुहा. काळ्या मातीच्या सोलापुरातून आलेल्या माणसाला घर या शब्दाचीच फेरमांडणी तेथे करावी लागली. पुढे हपै प्रांताच्या डोंगराळ भागात तर घर हीच गोष्ट अस्थिर झाली. जपानी फौजांच्या 'साफसफाई'च्या मोहिमा सुरू झाल्या की रुग्णालय, शाळा, औषधे, रुग्ण सारे उचलून दुसऱ्या खेड्यात न्यायचे. शत्रूच्या ताब्यातील रेल्वेमार्ग रात्रीच्या अंधारात पायी ओलांडायचे. औट्रमच्या आणि कोटणीसांच्या भटकंतीतील मूलभूत भेद येथे दिसतो. एकाचे चालणे मुलूख ताब्यात येण्यासाठी, दुसऱ्याचे तो ताब्यात जाऊ नये म्हणून. एकाच्या वाटा नकाशात जातात. दुसऱ्याच्या वाटा नकाशात न येण्यातच साऱ्यांची सुरक्षितता असते. डोंगरातली वाट दाखवणारा गावकरी दोन्हीकडे आहे. पण पहिल्या ठिकाणी तो वाटाड्या म्हणून परक्याच्या कामाला लागतो. दुसऱ्या ठिकाणी परकाच गावकऱ्याच्या भरवशावर जिवंत राहतो.

दुसरा भेद भाषेचा. औट्रमनेही स्थानिकांशी संवाद साधला. पण पलटणीची, हुकमाची आणि नोंदीची भाषा त्याची होती. कोटणीस चिनी बोलायला, वाचायला शिकले आणि पुढे त्यांच्या अध्यापनाची भाषाही चिनी झाली. शस्त्रक्रियेसारखा विषय परक्या भाषेत शिकवायचा, म्हणजे आपल्याला येत असलेली प्रत्येक गोष्ट पुन्हा अडखळत म्हणायची. विद्यार्थ्यांसमोर रोज थोडे चुकण्याची तयारी ठेवायची. सत्तेच्या भाषेत बोलणाऱ्या परक्याला ही तयारी ठेवावी लागत नाही. पथकातील डॉक्टरांच्या नावांना 'हुआ' म्हणजे चीन हा अक्षरप्रत्यय लागला. कोटणीस 'के ती-हुआ' झाले. मुलाचे नाव इन-हुआ ठेवले गेले : 'इन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. परक्याने यजमानांना नावे ठेवण्याचा वसाहतकालीन क्रम येथे उलटा झाला आहे. येथे यजमानांनी पाहुण्याला नाव दिले आणि त्याने ते वागवले.

५

या आयुष्याचे पुढे काय झाले, हा वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने कळीचा प्रश्न आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांचे इंग्रजी पुस्तक १९४४ मध्ये आले आणि त्यावर आधारित व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' १९४६ मध्ये. या दोन कृतींनी कोटणीसांना घराघरांत पोचवले, हे त्यांचे ऋण आहे. परंतु 'अमर कहाणी'ला रोजचे जगणे परवडत नाही. तिला निर्णय हवेत, त्याग हवा, मृत्यू हवा. भाषेच्या चुका, औषधांचा तुटवडा, वर्गातील कंटाळवाणी दुपार नको. चित्रपटाच्या अखेरीस नायकाची पत्नी मूल घेऊन सोलापूरच्या घरी येते. वास्तवात कुओ छिंग-लान चीनमध्येच राहिल्या. २०१२ मध्ये त्यांचे तेथेच निधन झाले. भारतात त्या आल्या त्या पाहुण्या म्हणून. चित्रपटाला परक्या देशात राहिलेले मन 'घरी' आणल्याखेरीज कथा पूर्ण होत नाही असे वाटले, ही बाब बोलकी आहे. परतणाऱ्यालाच निवेदनाचा अधिकार, हा प्रवासवर्णनाचा संकेत येथे न परतलेल्या माणसावरही लादला गेला.

पुढे या आयुष्याला राजनैतिक प्रतीकाचे रूप आले. १९६२ च्या युद्धानंतर भारतीय सार्वजनिक स्मृतीत ते काही काळ अवघडल्यासारखे झाले. १९८२ मध्ये चीनने आणि १९९३ मध्ये भारताने त्यांच्यावर टपाल तिकीट काढले. मैत्रीच्या प्रत्येक समारंभात त्यांचे नाव घेतले जाते. औट्रमचा जिव्हाळा जसा पलटणीत जमा झाला, तसा कोटणीसांचा जिव्हाळा राष्ट्रांच्या शिष्टाचारात जमा झाला, असे म्हणावे लागते. दोन्ही जमाखर्चांत हरवले ते दैनंदिन. मात्र एक फरक उरतो. भिल्लाने औट्रमविषयी काही लिहिले नाही. कोटणीसांविषयी कुओ छिंग-लान यांच्या आठवणी ग्रंथरूपाने आल्या आहेत. सहकारी डॉ. बसूंच्या नोंदीही उपलब्ध आहेत. यजमान समाजातील, त्यातही घरातील व्यक्तीने परक्याचे रोजचे जगणे सांगावे, ही घटना मराठी चरित्रलेखनाने अजून गांभीर्याने घेतलेली नाही.

६

देशीवादाच्या चर्चेला खानदेशातील भूमी, बोली आणि माणसे यांनी मोठे बळ दिले आहे. सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांनी मांडलेली ही भूमिका आणि बहिणाबाई चौधरींच्या कवितेतील जाते, चूल, शेत यांचे भान, दोन्ही दैनंदिनाच्या बाजूने उभी आहेत. परंतु देशीपणाचा विचार बहुधा 'आपल्या' भूमीतील 'आपल्या' माणसाला धरून झाला. आपला माणूस दुसऱ्याच्या भूमीत परका होतो तेव्हा त्याचे देशीपण कोणते, हा प्रश्न बाजूला राहिला. धरणगाव आणि येनान एकत्र वाचले तर त्याला एक उत्तर मिळते. देशीपण जन्मभूमीचा शिक्का नसून भूमीशी असलेल्या व्यवहाराची रीत आहे : तेथली भाषा चुकत शिकण्याची, तेथल्या माणसांनी दिलेले नाव स्वीकारण्याची, त्यांच्या वाटा आपल्या मालकीच्या न मानण्याची.

ही चर्चा निव्वळ भूतकाळाची नाही. एकविसाव्या शतकात अनेक मराठी तरुण-तरुणी वैद्यकीय शिक्षणासाठी चीनमध्ये राहिले. २०२० च्या साथीने त्यांतील अनेकांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले आणि पुढील वर्गांना ते घरूनच संगणकाच्या पडद्यासमोर बसले. वसतिगृहातील स्वयंपाक, बाजारातील मोडकी चिनी, सुट्टीतील आगगाडीचे प्रवास हे त्यांचे दैनंदिन आज आठवणींत आणि दूरध्वनीवरील छायाचित्रांत विखुरलेले आहे. त्यात अमर कहाणीला लागणारा त्याग नाही, मृत्यू नाही. म्हणून ते लिहिण्याजोगे नाही असा समज सहज होऊ शकतो. औट्रमच्या सोबत्याविषयीही तसाच समज झाला होता, आणि त्यामुळेच धरणगावच्या त्या दहा वर्षांची अर्धी बाजू आज कोणत्याही दप्तरात सापडत नाही.