‘निर्णायक क्षण’ आणि छायाचित्रातील रचना

छायाचित्रणाच्या अभ्यासकांत ‘निर्णायक क्षण’ ही संज्ञा आता रूढ झाली असून आंरी कार्तिए-ब्रेसाँ (१९०८–२००४) या फ्रेंच छायाचित्रकाराच्या नावाशी ती कायमची जोडली गेली आहे. नेमक्या क्षणी कळ दाबणे हेच छायाचित्रकाराचे सारे कौशल्य, असा तिचा अर्थ सामान्यतः केला जातो. या समजुतीला एका ग्रंथनामाच्या भाषांतराने कसे बळ दिले आणि तीमुळे रचनेचा अभ्यास कसा मागे पडतो, हे प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

१९५२ साली पॅरिस येथे तेरियाद यांनी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या छायाचित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्याचे फ्रेंच नाव ‘इमाज आ ला सोव्हेत’. यातील ‘आ ला सोव्हेत’ हा वाक्प्रचार परवाना नसलेल्या फेरीवाल्याच्या विक्रीस लावतात. पोलीस दिसताच गाशा गुंडाळण्याची घाई आणि चोरटेपणा या दोन्ही छटा त्यात आहेत. त्याच वर्षी निघालेल्या अमेरिकन आवृत्तीस मात्र ‘द डिसायसिव्ह मोमेंट’ हे नाव मिळाले. त्याचा आधार प्रस्तावनेच्या आरंभी उद्धृत केलेले, सतराव्या शतकातील कार्डिनल द रे यांचे वचन हा होय. फ्रेंच नावात आडून पाहणारा, संधी साधणारा मनुष्य सूचित होतो. इंग्रजी नावात मनुष्य लोपतो आणि क्षणच कर्ता होऊन बसतो.

वस्तुतः त्याच प्रस्तावनेत ‘रचना’ या विषयास स्वतंत्र विभाग दिलेला आहे. घटनेचे महत्त्व आणि ते व्यक्त करणारी आकारांची मांडणी, या दोहोंचे भान एकाच वेळी होणे, हे लेखकाने छायाचित्रणाचे मर्म मानले आहे. हे भान केवळ उपजत नव्हते. १९२७-२८ च्या सुमारास त्यांनी आंद्रे लोत या घनवादी चित्रकाराकडे शिक्षण घेतले. चित्रातील प्रमाण व भूमिती यांवर लोत यांचा कटाक्ष असे. लायका कॅमेरा हाती आला तो त्यानंतर.

१९३२ मधील दोन छायाचित्रे ताडून पाहिली असता मुद्दा स्पष्ट होतो. इएर येथील चित्रात वरून पाहिलेला वळणदार जिना व त्याचा कठडा चौकट व्यापतात आणि वरच्या कोपऱ्यातून सायकलस्वार निघून जातो. जिना स्थिर आहे, स्वार क्षणिक. जिना वगळला तर उरतो तो कोणीही एक वाटसरू. स्वार वगळला तर उरते ती निर्जीव आकृती. सेंट लाझार स्थानकामागील चित्राची कथा निराळी आहे. तेथे कुंपणाच्या फळ्यांमधील फटीतून कॅमेरा रोखलेला होता. पाण्यावरून उडी घेणारा मनुष्य आपणांस दिसलाच नव्हता, तो दैवयोग होता, असे स्वतः छायाचित्रकाराने पुढे सांगितले. फटीमुळे आडवा आलेला भाग नंतर कापावा लागला. चित्र कापू नये या त्यांच्या नेमाला हा प्रसिद्ध अपवाद आहे.

तथापि उडी मारणारा, त्याचे पाण्यातील प्रतिबिंब आणि मागील जाहिरातीतील तशीच झेपावणारी आकृती यांचा परस्परसंबंध ओळखून हेच चित्र निवडणे, हे दैवाचे काम नव्हे. बोलताना कोणी व्याकरण आठवीत नाही, तरी वाक्यास अर्थ येतो तो व्याकरणामुळेच. रचनेचेही तसेच आहे. विद्यार्थ्याला केवळ क्षणाची वाट पाहावयास शिकविणे म्हणजे त्याला शब्द देऊन वाक्यरचना न देणे होय. आधी पार्श्वभूमी, कडा आणि रेषा पाहण्याची सवय जडावी. मग येणारा क्षण बसावयास जागा सापडते.