हौसेची होडी कोणत्या शहराची?

जगातील कोणते शहर नौकाविहारात सर्वांत पुढे, असा प्रश्न निघाला की उत्तरादाखल बहुधा आकडे येतात : अमुक बंदरात इतके क्लब, तमुक खाडीत इतक्या यॉट. श्रीमंती मोजायला हा हिशेब ठीक आहे. शहराचा स्वभाव त्यातून कळत नाही. श्रोत्यांपुढे आम्ही आज निराळे माप ठेवणार आहोत. ज्याचे पोट पाण्यावर चालते, किंवा जो हातांनी राबतो, त्याला या हौसेच्या होडीत जागा मिळाली काय, आणि मिळाली तर केव्हा, एवढेच आम्ही पाहणार आहोत.

हौसेचा आरंभ राजेरजवाड्यांत झाला हे खरे. 'यॉट' हा शब्दच मुळी डच. शिकारीसाठी, पाठलागासाठी त्यांच्याकडे जो शब्द, तोच पाठलाग करणाऱ्या हलक्या, वेगवान गलबताला लागला. १६६० साली दुसरा चार्ल्स विजनवासातून इंग्लंडच्या गादीवर आला, तेव्हा अ‍ॅमस्टरडॅमकरांनी त्याला 'मेरी' नावाची अशी एक नौका नजर केली. पुढच्याच वर्षी राजा आणि त्याचा भाऊ यांनी ग्रिनिच ते ग्रेव्हझेंड आणि परत अशी शर्यत लावली. पैज शंभर पौंडांची होती.

परंतु लंडनच्या नौकाक्रीडेचे दुसरे मूळ याहून साधे आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत खुद्द शहरात थेम्सवर पूल एकच. इकडून तिकडे जायचे तर नावाड्याला हाक मारायची. या नावाड्यांतील नुकतीच उमेदवारी संपवलेल्या तरुणांसाठी टॉमस डॉगेट या नटाने १७१५ साली एक शर्यत सुरू केली. लंडन ब्रिजपासून चेल्सीपर्यंत सुमारे पाच मैल वल्ही मारायची. बक्षीस लाल डगला आणि चांदीचा बिल्ला. ही शर्यत आजही होते. एका नटाने नावाड्यांसाठी घातलेला पायंडा तीनशे वर्षे टिकावा, ही गोष्ट लंडनच्या खाती मोठी जमा धरली पाहिजे.

खर्चाची बाजूही तितकीच मोठी आहे. एकोणिसाव्या शतकात शाळा-कॉलेजांतील सुखवस्तू मुले नदीवर आली, आणि ज्यांच्याकडून ती वल्ही मारायला शिकली त्यांनाच त्यांनी बाहेर काढले. लंडनच्या वरच्या अंगाला थेम्सकाठी हेन्ली येथे १८३९पासून मोठ्या शर्यती भरू लागल्या. तेथील पंचांनी १८७९ साली 'हौशी' कोण याची व्याख्या केली. मजुरी घेणारा कारागीर, यंत्रावर काम करणारा किंवा मजूर हौशी ठरणार नाही, असे त्यांनी लिहून ठेवले. आयुष्यात वल्ह्याचा एक पैसा घेतला नसला तरी विटा रचणारा गवंडी बाद, आणि वडिलांच्या पैशावर दिवसभर नदीत असणारा मात्र हौशी! आपल्याकडे पाणवठ्यावर जे चाले, त्याची आठवण यावी असाच हा नियम.

१९२० साली फिलाडेल्फियाचा जॉन केली याचा हेन्लीचा अर्ज नामंजूर झाला. त्याच्या क्लबशी जुना तंटा होता हे एक कारण. तो गवंडीकाम केलेला माणूस होता हे दुसरे. केली त्याच उन्हाळ्यात अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेला आणि हेन्लीचा विजेता जॅक बेरेसफर्ड याला त्याने अंतिम शर्यतीत एका सेकंदाने मागे टाकले. तरीही नियम हलला नाही. १९३६ साली बर्लिनला निघालेला ऑस्ट्रेलियाचा आठ जणांचा चमू त्याच नियमाने अडला. ती सारी सिडनीकडच्या पोलीस दलातील माणसे होती. तेव्हा मात्र गवगवा इतका झाला की पुढच्या वर्षी ती कलमे काढावी लागली. १९४७ साली केलीच्या मुलाने हेन्लीत तीच शर्यत जिंकली.

ही माणसे ज्या सिडनीची, तेथे काय चालले होते ते आता पाहू. १८९१ साली मार्क फॉय या दुकानदाराने तेथे अठरा फुटी होड्यांचा नवा क्लब काढला. यॉटच्या शर्यती काठावरच्या माणसाला कळत नाहीत, ही त्याची तक्रार. म्हणून त्याने शिडांवर आकड्यांऐवजी मोठी रंगीत चिन्हे लावली. होड्या लहान, शिडे अवाढव्य, आणि तोल राखायला होडीभर माणसे. ही माणसे गोदीतली, कारखान्यांतली. प्रेक्षक वाफेच्या फेरीबोटींत बसून शर्यतीमागे जात, आणि पैजाही लावत. शिष्टांनी नाके मुरडली, खेळ वाढला.

ऑकलंडचेही असेच. शहराची स्थापना झाली त्याच दिवशी, १८ सप्टेंबर १८४० रोजी, तेथे शर्यती झाल्या, आणि त्यांत माओरींच्या नावाही होत्या. पुढे १९२० साली हॅरी हायेट याने सात फुटांची एक लहानशी होडी आखली. तिच्यात न्यूझीलंडच्या पिढ्यानपिढ्या पोरे शीड हाकायला शिकली. अमेरिका चषक त्या देशाने १९९५ साली प्रथम जिंकला, पण आम्हांला त्या चषकाहून ती सात फुटी होडी महत्त्वाची वाटते. सिडनी आणि ऑकलंड यांत डावे-उजवे करणे कठीण. तरी गोदी-कारखान्यांतल्या माणसाला प्रथम होडीत घेतले म्हणून आमचा कौल सिडनीला.

आणि मुंबई? येथील वाडिया मिस्त्रींनी सागवानी जहाजे बांधली. १८१७ साली पाण्यात उतरलेली त्यांची 'त्रिंकोमाली' इंग्लंडात अजून तरंगते आहे. कोळ्यांचे मचवे तर शहराच्याही आधीचे. त्याच मुंबईत १८४६ साली यॉट क्लब निघाला आणि इंग्रजी अमदानीत हिंदी माणसाला त्याचे सभासद होता येत नव्हते. बंदर आमचे, खलाशी आमचे, जहाजाचे लाकूड आमचे, आणि हौस तेवढी साहेबाची! नौकाविहार म्हणजे श्रीमंतांचे खूळ, हा जो समज आपल्याकडे रुजला त्याचे एक मूळ येथे आहे, असे आम्हांला वाटते.

स्वातंत्र्यानंतर ही कोंडी फोडली ती मुख्यतः सैन्य आणि नौदल यांनी. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून पुढच्या मे महिन्यात परतले. पुण्यात जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून बंधारा झाला, मुळा-मुठेला पाणी साठले आणि नदीवर होड्या आल्या. त्याच पुण्यात पुढे लष्कराचे वल्हवणी-केंद्र झाले. चांदवड तालुक्यातील अवर्षणग्रस्त तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ वडिलांबरोबर दगड फोडत असे. २०१२ साली तो सैन्यात भरती झाला आणि पुण्याच्या त्या केंद्रात त्याने वल्ही हाती घेतली. २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये एकेरी वल्हवणीत तो तेरावा आला. दोन वर्षांनी आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत त्याला सुवर्णपदक मिळाले.